माझ्या नावानं खेळलेले सामने

रत्नागिरीच्या कॉलेजात शिकायला येईपर्यंत बास्केटबॉलची रिंग मी फक्त टीव्हीवर पाहिली होती. देवरूखच्या पलीकडे डोंगरात आमचं गाव. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई घर आणि भातशेती सांभाळणारी. शिकवणारं कुणी नव्हतं, उंची मात्र होती. हिला आंबे काढायला काठी लागायची नाही, असं वाडीतल्या बायका म्हणायच्या.

कॉलेजच्या मागे कातळ सपाट करून केलेलं मैदान होतं. पडलं की गुडघा सोलून निघायचा आणि लाल धूळ जखमेत बसायची. आम्हाला शिकवायच्या त्या ग्रंथालयातल्या बाई. क्रीडाशिक्षक होते, पण त्यांचा सगळा जीव क्रिकेटमध्ये. बाई ग्रंथालय बंद करायच्या, पदर खोचायच्या आणि मैदानावर यायच्या. साडीत धावत येऊन, रिंगखाली उडी मारून त्यांनी घेतलेला लेअप मी अजून विसरलेले नाही.

विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेला बाई स्वतः याच कॉलेजात शिकताना जाऊन आल्या होत्या. पाणी प्यायला बसलो की आम्ही त्यांना तेच विचारायचो. त्या काळी मुलींचे सामने बघायला गर्दी व्हायची, पण अर्धी गर्दी खेळ बघायला नव्हे, पाय बघायला यायची, असं त्या सरळ सांगायच्या. विद्यापीठानं बाईंच्या संघाला सलवारीत खेळायची अट घातलेली. तिथं गेल्यावर पंच म्हणाले, गणवेश नसेल तर खेळता येणार नाही. तेव्हा नुकत्याच सामना संपवून आलेल्या दुसऱ्या एका संघातल्या मुलींनी आपल्या हाफ पँट उतरवून दिल्या.

"घामानं ओल्या होत्या गो," बाई म्हणायच्या, "तशाच चढवल्या आणि उतरलो. पहिल्याच फेरीत हरलो. पेपरात फोटो आला म्हणून वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. पण खेळलो."

बाईंच्या तोंडून या स्पर्धेचा इतिहास असाच तुकड्यातुकड्यानं ऐकला. कुणाचं लग्न ठरलं म्हणून संघ मोडला, कुठं मुलींना उतरायला शाळेचे वर्ग दिले आणि संडासाला कडीच नव्हती, दक्षिणेकडच्या मुली सगळ्यांच्या पुढे कशा निघून गेल्या. ऐकता ऐकता मलाही तिथं जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

शेवटच्या वर्षी माझी विद्यापीठाच्या संघात निवड झाली. बारा जणींत मी बारावी. विभागीय फेरीत मला एकूण चारेक मिनिटं खेळायला मिळाली असतील, पण संघ राष्ट्रीय फेरीत पोचला आणि संघाबरोबर मीही पोचले. उत्तरेतल्या एका शहरात स्पर्धा होती. निघताना बाईंनी मला आपली जुनी शिट्टी वगैरे काही दिली नाही. फक्त म्हणाल्या, "रिबाउंडला उडी मारताना कोपर आत ठेव."

संघाचे व्यवस्थापक पन्नाशीचे होते. मुलींच्या संघाबरोबर एक बाई असावी लागते. कागदावर ती जागा त्यांच्या बायकोनं भरली होती, आणि पोचल्या दिवसापासून ती शहर बघत हिंडत होती. तिच्या बर्थमुळे मी आणि संघातली आणखी एक, दोघी जणी एका बर्थवर पाय दुमडून आलो होतो. तेवढ्यानं मला काही वाटलं नव्हतं. कोकणातून येणाऱ्याला पाय दुमडायची सवय असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर व्यवस्थापकांनी मला आपल्या खोलीत बोलावलं.

"तुझं ओळखपत्र दे."

"नोंदणीला का सर?"

"हो. आणि बस जरा. तू समजूतदार आहेस म्हणून सांगतो. आपल्याला रिबाउंडला उंच मुलगी पाहिजे."

"मी आहे ना सर."

"तू उंच आहेस," ते म्हणाले, "खेळाडू नाहीस."

एक मुलगी दुपारी येणार होती. ती कुठल्याही कॉलेजात शिकत नव्हती, एका कार्यालयाच्या संघातून खेळत होती. ती माझ्या नावानं खेळणार आणि मी खोलीत बसायचं, असं त्यांनी जेवणाचा बेत सांगावा तसं सांगितलं. मी नाही म्हणाले. खरंच म्हणाले, पण हळू आवाजात. त्यावर ते हसले.

"तू तोंड उघडलंस तर संघ बाद होईल. अकरा पोरींचं वर्ष जाईल, तुझ्यामुळं. आणि तुमच्याकडची पोरगी पुन्हा संघात घ्यायची की नाही, ते मी ठरवतो."

टेबलावर ब्लेड आणि फेविकॉलची बाटली आधीच काढून ठेवलेली होती. त्यांनी माझ्यासमोरच ओळखपत्रावरचा माझा फोटो नखानं उचलला. अर्धा फाटला. उरलेला अर्धा त्यांनी ब्लेडनं खरवडला आणि अंगठ्याला चिकटलेला माझ्या कपाळाचा तुकडा पँटला पुसला. तरी मी तिथून उठले नाही.

पहिल्या सामन्याला मी ओढणीनं तोंड गुंडाळून प्रेक्षकांत बसले. खोलीत बसवेना. ध्वनिक्षेपकावरून खेळाडूंची नावं पुकारली जात होती. माझं नाव आलं, आडनावासकट, आणि ती मुलगी पुढे येऊन हात वर करून धावत गेली. माझ्या शेजारच्या माणसानं टाळ्या वाजवल्या. तिनं पहिल्याच मिनिटात रिंगवरून परतलेला चेंडू हवेतच पकडून रिबाउंड घेतला, कोपर अगदी आत ठेवून. खेळायची फार सुंदर. ते बघून मला आणखीच शिसारी आली, कारण तिच्या प्रत्येक बास्केटला मला आनंद होत होता.

ती आमच्याच खोलीत उतरली होती. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. संध्याकाळी फोनवर आपल्या मुलीला विचारायची, "वरणभात खाल्लास ना?" एकदा ती माझ्याजवळ येऊन बसली.

"माझा राग करू नको. त्यांनी बोलावलं की मला यावंच लागतं."

"का?"

"आमच्या कार्यालयातल्या साहेबांच्या ओळखीतले आहेत," एवढंच म्हणाली आणि सॉक्स वाळत घालायला उठली.

बाकीच्या अकरा जणी माझ्याशी बोलायचं टाळू लागल्या. जेवणाच्या रांगेत मी गेले की गप्पा थांबायच्या. मी मेले असते तर निदान त्यांना रडता तरी आलं असतं.

आमचा संघ तिसरा आला. बक्षीस समारंभात माझ्या नावाचं पदक तिच्या गळ्यात पडलं. स्टेशनवर निरोप घेताना तिनं ते काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. पट्टा तिच्या मानेच्या घामानं ओला होता. मला बाईंच्या त्या ओल्या हाफ पँट आठवल्या. पण त्या घामाची कुणाला लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं. इथं मी तो पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि गाडीच्या बेसिनवर हात धूत राहिले. साबण संपला तरी.

रत्नागिरीत उतरले तर एसटी स्टँडसमोर माझा फ्लेक्स. शेजारी नगरसेवक, हात जोडून. गावात तर मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाची माणसं खास आली होती. बुद्धविहारात सत्कार ठेवला होता. आधी त्रिशरण, मग पंचशील. आम्ही लहानपणापासून म्हणत आलो ते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि मी नुसते ओठ हलवले. शेजारी उभ्या आईनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या गळ्यात हार पडला, आणि ज्या आजोबांना चार पावलं चालवत नव्हतं ते काठी टेकत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. मी भाषण केलं. "संघातल्या सर्वांमुळे हे शक्य झालं," असं म्हणाले. स्वतःच्या जिभेची इतकी किळस मला पुन्हा कधी आली नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय झाला गो? आवाज का बसला?"

"प्रवासाचा आहे," मी म्हणाले. आणखी एक खोटं.

बाईंना मात्र सांगितलं. ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटाआड उभं राहून. त्या ऐकत राहिल्या, मग खुर्चीवर बसल्या.

"आम्हाला खेळू देत नव्हते, म्हणून आम्ही भांडलो," त्या म्हणाल्या. "तुला खेळू दिलं नाही आणि तू पदक घेऊन आलीस." मग पेन पुढे करून म्हणाल्या, "कागद घे. लिही."

विद्यापीठाकडे आम्ही तक्रार केली. खाली माझी सही, साक्षीदार म्हणून बाईंची. पंधरा दिवसांनी प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर माझा अर्ज होता, आणि ते त्याच्याकडे कुणी टेबलावर मासळी आणून ठेवल्यासारखे बघत होते.

"ओळखपत्र कुणाचं वापरलं?" त्यांनी विचारलं.

"माझं, सर."

"मग गुन्हा कुणाचा? पोलिसांत गेलं तर आधी तू जाशील. वडील शिक्षक आहेत ना तुझे?"

मी अर्ज मागे घेतला. बाईंनाही सही मागे घ्यायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मी खोटी सही केली नव्हती." त्यांची मैदानावरची परवानगी त्या महिन्यात काढून घेतली गेली. मुलींचा सराव बंद पडला. माझ्यामुळं.

आणि पुढचं सांगायला हवंच. मला क्रीडाशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा होता. त्या स्पर्धेचं माझ्या नावाचं प्रमाणपत्र होतं, त्याचे जादा गुण मिळत होते. मी ते गुण घेतले. आज मी रत्नागिरीतल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, ती त्या गुणांवर चढून आले आहे. लोक व्यवस्थेला शिव्या देतात तेव्हा मी गप्प बसते.

मागच्या वर्षी कॉलेजनं नवं क्रीडा संकुल बांधलं. आत मुलींच्या बास्केटबॉलचा इतिहास सांगणारा फलक लावायचा ठरलं. नव्या क्रीडाप्रमुखांनी मला प्रमाणपत्र आणायला सांगितलं. मी गेले. यादी बघितली. माझं नाव सगळ्यात वर होतं. बाईंचं नव्हतं.

"त्यांच्या वेळचे कागद सापडत नाहीत मॅडम," ते म्हणाले. "पुरावा असल्याशिवाय कसं घालणार?"

"माझा पुरावा खोटा आहे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, न अडखळता. नोकरी जाईल याची भीती होती, तरी लेखी दिलं. ते पाणी प्यायले, दार लावून आले.

"आता कशाला उकरून काढता? एवढी वर्षं झाली."

माझं नाव काढलं नाही. बाईंचं घातलं नाही. माझा कागद कुठल्या फायलीत गेला मला माहीत नाही. नोकरीला धक्का लागला नाही, कारण कुणाला काहीच करायचं नव्हतं. बाईंना सांगितलं तर त्या भाजी चिरत होत्या. "फलकावर चेंडू मारायचा असतो," म्हणाल्या, "नाव कशाला?" पण त्यांचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं.

उद्घाटनाला मी गेले, कारण माझ्या शाळेच्या मुली प्रदर्शनीय सामना खेळणार होत्या. प्रमुख पाहुणे म्हणून तेच व्यवस्थापक आले होते. आता निवड समितीवर होते, केस पिकले होते. चहाच्या वेळी कुणीतरी माझी ओळख करून दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना चेहरा आठवला नाही, फक्त नाव आठवलं.

"अरे वा," ते म्हणाले. "त्या वर्षी फार छान खेळली होतीस."

माझ्या तोंडाला आंबट पाणी सुटलं.

"मी खेळले नव्हते, सर," मी मोठ्यानं म्हणाले. "तुम्ही माझा फोटो ब्लेडनं खरवडला होता."

आजूबाजूचे चार लोक वळले. व्यवस्थापकांनी बिस्किट चहात बुडवलं, ते कपात तुटून पडलं, आणि तुकडा चमच्यानं काढत ते शेजारच्याला म्हणाले, "पोरी मस्करी फार करतात."

शेजारचे हसले. मी बाहेर येऊन भिंतीशी ओकले. मग तोंड धुतलं, कारण मुलींचा सामना सुरू व्हायचा होता आणि त्यांना कोर्टवर उतरवायचं काम माझं होतं.