बिनधुराचं घर

इन्सुलीच्या हमरस्त्यावरून आत वळलात आणि ‘बिनधुराचं घर खंय?’ असं विचारलंत, तर गावातला कोणीही तुम्हाला विश्राम पालवांच्या फाटकाशी आणून सोडील. फाटकावर हिरव्या रंगाची पाटी आहे: ‘लाकूड नाही, सिलिंडर नाही, धूर नाही.’ पाटी लिहिणाऱ्याने एक ओळ गाळली. ‘शेवंती आहे’ हे लिहायचं त्याला सुचलं नाही.

शेवंती ही विश्रामांची बायको. आता साठीला टेकली आहे. लग्न होऊन आली तेव्हा ओली लाकडं आणि नारळाच्या सालींची सोडणं फुंकून फुंकून तिचे डोळे कायम लालबुंद असायचे. गोबर गॅस या घरात आणला तो तिनेच, हट्ट धरून. विश्राम तेव्हा नाक मुरडून म्हणायचे, “शेणावर शिजवलेला कोण खातलो?” पण तिने पाठ सोडली नाही. पहिल्यांदा निळी ज्योत पेटली त्या दिवशी ती शेगडीपुढे बसून आनंदाने रडली. खोटं कशाला बोलू, त्या ज्योतीनेच तिचे डोळे वाचवले.

पण गोबर गॅस म्हणजे काय भिंतीवरचं बटण नव्हे, महाराजा. रोज सकाळी गोठ्यातलं शेण ओढायचं, पाणी घालून हाताने कालवायचं, काड्याकुड्या वेचायच्या आणि तो काला कुंडीतून टाकीत सोडायचा. एखादा दिवस चुकला तर चालतं. आठवडा चुकला की ज्योत मान टाकते. एकदा भाऊ गेला म्हणून शेवंती माहेरी आरोंद्याला राहिली. परत येऊन बघते तर टाकीत वर साय धरलेली, गॅस मेलेला आणि विश्राम हॉटेलातली भजी खात ओसरीवर बसलेले. टाकीत पुन्हा गॅस धरेपर्यंत तिच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून एक रात्रही ती घराबाहेर झोपलेली नाही.

त्यात त्यांचा मुलगा सर्वेश गोव्याच्या हॉटेलात कामाला लागला आणि त्याच्या डोक्यात आलं की आपलं घरही पाहुण्यांना दाखवावं. छपरावर सौर पॅनेल आले, अंघोळीला सौर बंबाचं पाणी आलं, मागल्या पडवीत दोन खोल्या निघाल्या आणि पुण्यामुंबईचे पाहुणे यायला लागले. विश्राम त्यांना टाकीपाशी उभं करून सांगतात, “आम्ही निसर्गाकडून घेतो ते निसर्गालाच परत देतो.” बोलणं एकदम गोड. आता या ‘आम्ही’त विश्रामांचा वाटा बोलण्याचा, बाकी सगळा शेवंतीचा. पाहुणे शेणात बोट बुडवून फोटो काढतात आणि हात धुवायला साबण मागतात. तो साबणही शेवंतीच आणून देते.

यंदा तिची मुलगी सलोनी दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, पण पाहुण्यांच्या घावन-चटणीतून शेवंतीला बाळाला धड तेल लावायला सवड मिळाली नाही. ते तिच्या मनाला फार लागून राहिलं होतं. सलोनी दोडामार्गला असते. सासू हयात नाही, नवरा पहाटेच कामाला गोव्याला जातो आणि थोरल्याची बालवाडी सुरू, म्हणून या खेपेला तिला माहेरी येणं जमणार नव्हतं. तिने फोन केला, “आई, माका महिनोभर तरी तू व्हयी.”

शेवंतीने विश्रामांपुढे विषय काढला.

“आणि शेण कोण कालवतलो?” विश्राम म्हणाले.

“तुमी.”

“माजी पाठ तुका म्हायत आसा.”

“मगे बाई ठेवया.”

“शेणात हात घालूक आता कोण गावता गो? सगळी गोव्याक जातत.”

हे मात्र खरं होतं. म्हणून तिने शेवटचं सांगून टाकलं, “तर महिनोभर सिलिंडर आणा.”

विश्रामांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने देव्हाऱ्यात चपला ठेवायला सांगितल्या. “भायर पाटी काय आसा? उद्या पावण्यांनी सिलिंडर बघल्यानी तर मी तोंड खंय दाखवू?” माणूस वाईट नव्हे हो. पण आपल्याच पाटीला भिणारा माणूस बायकोचं कसं ऐकणार?

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणजे पाहुणे वाढले म्हणून सर्वेशने जुनीच्या शेजारी आणखी मोठी टाकी बांधायला घेतली, गोठ्यात एक गायही वाढली. टाकीत पहिलं शेण सोडायच्या दिवशी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे गावचा मानकरी देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एकदा ते म्हटलं की शब्द देवाकडे गेला. मग तो मोडायची छाती कोणाची नाही, विश्रामांची तर नाहीच.

शेवंतीला तिथेच वाट दिसली. मानकरी दत्ताराम गावकारांच्या घरी जाऊन ती म्हणाली, “काकानू, गाऱ्हाण्यात माजा एवढा सांगा. शेवंतीक महिनोभर चेडवाकडे, सलोनीकडे जावक मोकळीक होऊं दे.”

“सांगतंय. त्यात काय!” दत्ताराम म्हणाले.

ती नाचतच घरी आली. सलोनीला कळवलं, पिशवीत बाळंतविडा भरला, अळीव घेतले, जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी केली.

गाऱ्हाण्याला वाडी जमली. पाहुणे मोबाइल वर धरून उभे राहिले. दत्तारामांनी नारळ हातात घेतला.

“बा देवा म्हाराजा, ह्या विश्रामान आज तुझ्या साक्षीन नवी टाकी बांधल्यान हा. तिका कोणाची दिष्ट लागू नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या घरच्या चेडवाक सुखरूप मोकळा कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

शेवंती अर्धं पाऊल पुढे सरकली. आता आपलंच येणार. दत्तारामांनी एकवार मोबाइलांकडे बघितलं, विश्रामांकडे बघितलं आणि घसा साफ केला.

“आणि ही घरची लक्ष्मी शेवंती. तिचे हात असेच चलत रवांदेत. तिच्या हातची ज्योत कधी विझू नको, ह्या घर सोडून जावची पाळी तिच्यार कधी हाडू नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

हात जोडलेले, मान खाली, आणि जन्माची सवय. जे कानावर पडलं ते डोक्यात शिरायच्या आत शेवंतीच्याही तोंडातून ‘व्हय’ निघून गेलं होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. विश्रामांनी नव्या कुंडीत पहिलं शेण सोडलं, तेही तिनेच कालवून ठेवलेलं.

दत्ताराम जाताना तिच्याजवळ थांबले. “घरचा दुखणा पावण्यांपुढे कित्याक उगडा करूचा? तुका बरो आशीर्वादच दिलंय.” आणि चहा पिऊन गेले.

ती कप विसळत होती तेव्हा सलोनीचा फोन आला.

“आई, घातला गाऱ्हाणा?”

“घातला गो.”

“मगे देव व्हय म्हणालो मां?”

शेवंतीने कप पालथा घातला.

“देव काय बोलाक नाय,” ती म्हणाली. “व्हय म्हणालंय ती मीच.”