न आलेला वटवट्या

पर्णवटवट्या ओळखायचा तर डोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. चिमणीपेक्षाही लहान जीव, पाठ हिरवट-मातकट, पोट मळकट पांढरं, डोळ्यावर भुवईसारखी एक फिकट रेघ आणि पंखावर एक पुसट पट्टी. एवढं सगळं निरखायला तो एका जागी बसायला हवा, आणि बसणं त्याच्या स्वभावातच नाही. किडे वेचत तो पानापानांतून सारखा पळत असतो. आपण दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत फांदी तेवढी हलताना दिसते. शिवाय जवळजवळ त्याच्यासारखाच दिसणारा त्याचा एक भाऊबंद, चिफचाफ, हिवाळ्यात दिल्लीत ढिगाने असतो. त्याच्या पंखावर पट्टी नसते, पण ती नाही हे दिसायलाही तो थांबावा लागतो. म्हणून वटवट्या ओळखायचा तो आवाजावरून. 'चि-विट', आणि शेवटचा सूर जरासा वर उचललेला. चिफचाफ म्हणतो नुसतं 'हुईट'. एकदा कानात बसलं की चूक होत नाही.

मी कानांची आणि आमचे हे डोळ्यांचे. केंद्र सरकारच्या नोकरीमुळे आम्ही दिल्लीत आलो, बदल्या संपल्या तरी इथेच राहिलो आणि हे निवृत्त झाल्यावर द्वारकेत सोसायटीत फ्लॅट घेतला. जवळच्या पार्कात शिसवी आहेत, कडुनिंब आहेत, कडेने विलायती बाभळींचं रान आहे. हिवाळ्यात रोज सकाळी आम्ही दोघं तिथे जायचो. मी चालता चालता थांबायची आणि बोट वर करायची. हे त्या बोटाच्या रोखाने दुर्बीण लावायचे आणि पक्षी शोधून द्यायचे. ह्यांना स्वतःहून एकही आवाज ओळखता येत नव्हता. सगळे मी शिकवले, घासून घासून, बुलबुलापासून. "वटवट्याला दुसरा वटवट्याच ओळखणार," असं म्हणून हे माझ्या बडबडीला चिमटा काढायचे. मलाही ते आवडायचं.

अख्खी दिल्ली धुराला कंटाळून पहाडात पळायची स्वप्नं बघते तेव्हा हा वेडा पहाडातून इथे येतो. ऑक्टोबर संपता संपता येतो आणि मार्चात उन्हं तापली की परततो. माझा हिवाळा कपाटातून स्वेटर काढल्यावर सुरू होत नसे, पहिलं 'चि-विट' ऐकल्यावर सुरू होत असे. मराठी मंडळात, नात्यात, लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी सांगायची, "आला हं आमचा पाहुणा." लोक कौतुकाने हसायचे. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवत नसे.

मग एका वर्षी तो आला नाही. दिवाळी झाली, धूर वाढला, थंडी पडली, तरी शिसवी गप्प. मी रोज ह्यांना विचारायची, "आज?" आणि हे मान हलवायचे, "नाही गं." कधी मला वाटायचं, विमानांमुळे ऐकू येत नसेल. द्वारकेत डोक्यावरून एक विमान गेलं की दुसरं येतंच. विमानं जाईपर्यंत मी थांबायची. मग बुलबुल ऐकू यायचा, तांबट ऐकू यायचा, पोपटांचा कलकलाट तर नको इतका ऐकू यायचा. वटवट्या तेवढा नाही.

त्याच हिवाळ्यात ह्यांनी दुर्बीण घरी ठेवायला सुरुवात केली. म्हणाले, वर बघून बघून मान धरते. मला खरंच काळजी वाटली. रोज संध्याकाळी मी तेल कोमट करून ह्यांची मान चोळून देत होते, आणि हे डोळे मिटून ती चोळून घेत होते. आता आठवलं की माझाच हात मला परका वाटतो.

एकदा, जानेवारीत, धुकं विरल्यावर एक इवलासा पक्षी अगदी खालच्या फांदीवर आला. क्षणभर थांबला. त्याच्या पंखावरची पट्टी मी पाहिली. बोट आपोआप वर गेलं.

"अहो, पट्टी आहे. वटवट्याच आहे."

"कुठली पट्टी? उन्हाची तिरीप पडली असेल," हे म्हणाले. "चिफचाफ आहे तो."

"बोलला का?"

"बोलला ना. 'हुईट' म्हणाला आत्ताच."

मी ऐकलं नव्हतं. पण ह्यांनी ऐकलं होतं, आणि कान मीच तयार केलेले होते. मी बोट खाली केलं. घरी येताना मी ह्यांना म्हटलंसुद्धा, की म्हातारपणी माणसाला जे हवं असतं तेच दिसायला लागतं. हे म्हणाले, "होतं असं कधी कधी."

पक्षी येत नाही म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, आणि बिघडलं आहे तर कोणीतरी बिघडवलं आहे. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. आमची सोसायटी डासांसाठी पार्काच्या कडेच्या झाडांवर औषध मारून घ्यायची. औषधाने किडे मरतात, किडे नाहीत तर वटवट्या खाणार काय? सभेत मी उभी राहिले आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत चांगली झोडपणी केली. सेक्रेटरी म्हणाले, "भाभीजी, एक चिड़िया नहीं आई तो क्या हो गया?" त्यावर मी जे बोलले ते अजून लोकांच्या लक्षात आहे. हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून मान डोलवत होते. औषध मारणं बंद झालं, डास वाढले आणि मला 'मच्छरवाली आंटी' हे नाव पडलं. लिफ्टमध्ये बायका माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. मी मनात म्हणायची, राहा. पाखरासाठी एवढं सोसायला काय झालं?

गणपतीत आमच्या मराठी मंडळाचा अंक निघतो. मी वटवट्यावर लेख लिहिला. म्हणजे मी बोलत गेले आणि ह्यांनी कॉम्प्युटरवर टाइप केला, कारण मराठी टाइप करणं मला अजूनही जमत नाही. ह्यांनी माझं ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं. 'तो आला नाही' असं मी सांगितलं होतं. हे म्हणाले, "'तो परतला नाही' कर. जास्त लागतं." मी तसं केलं. मला वाटलं, ह्यांनाही माझ्याइतकंच दुःख झालंय. अंक निघाल्यावर फरीदाबादहून एका वयस्क बाईंचा फोन आला, वाचून त्यांना रडू आलं म्हणून. फोनवर मीही रडले. ह्यांनी रुमाल आणून दिला.

दुसरा हिवाळाही तसाच गेला असता. पण नाताळच्या सुट्टीत नोएडाहून मुलगी राहायला आली. ती इथेच वाढलेली. तिचं मराठी बोलणं ठीक आहे पण वाचणं म्हणजे एकेक अक्षर लावत. माझा लेख तिने वाचलेला नव्हता. पक्ष्यांशी तिचा संबंध बाल्कनीतल्या कबुतरांना हाकलण्यापुरता. ऑफिसात कोणीतरी तिच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं होतं. आवाज ऐकून ते पक्षी ओळखतं, असं ती सांगत होती.

"चलो, आज तुझी परीक्षा, आई," ती पार्कात म्हणाली आणि फोन माझ्यासमोर धरला. पक्षी बोलला की पडद्यावर त्याचं नाव उजळायचं, गप्प झाला की विझायचं. बुलबुल उजळला, मी म्हटलं बुलबुल. तांबट उजळला, मी म्हटलं तांबट. मजा वाटत होती. मग पडद्यावर वटवट्याचं इंग्रजी नाव आलं. उजळलं, विझलं. परत उजळलं.

"चुकतंय तुझं ॲप," मी म्हटलं. "हा आता इथे येत नाही."

"अगं, पण ओरडतोय ना! बिल्कुल डोक्यावर आहे यार. चि-विट, चि-विट करतोय सारखा. तुला नाही येत ऐकू?"

नाव उजळत होतं आणि विझत होतं. माझ्या कानांना काही नाही. वारा, लांबची विमानं, मुलीचा आवाज. तिने कधी हे शब्द माझ्याकडून शिकले नव्हते, आणि तरी तिच्या तोंडात ते तसेच आले होते.

मी ह्यांच्याकडे वळले. हे खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. नाडी सुटलेली नव्हती.

"अहो?"

हे वर बघेनात.

"बाबा, तुम्हाला येतंय ना ऐकू?" मुलीने साधेपणाने विचारलं.

"हो," हे म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांनी चहा केला. मी तो घेतला नाही. मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती, मग बिचारी आतल्या खोलीत गेली. मी विचारलं, कधीपासून. तर म्हणे, पहिल्या वर्षापासूनच. तो आला होता. दोन्ही वर्षं आला होता. रोज बोलत होता.

"पहिल्या दिवशी वाटलं, तुझं लक्ष नसेल," हे म्हणाले. "मग रोजचंच झालं. तू किती अभिमानाने सांगायचीस सगळ्यांना, कान कान म्हणून. कसं सांगणार? तुला वाईट वाटलं असतं. आणि एकदा नाही म्हटल्यावर पुढे सांगायला तोंडच राहिलं नाही."

"मला वाईट वाटलं नाही का?" मी म्हटलं. "पाखरू गेलं म्हणून मी दोन वर्षं रडले, ते काय होतं? कान गेलेत हे कळलं असतं तर डॉक्टर होता. मेलेल्या पाखराला कुठे नेणार होते मी?"

मी सभा काढली, लेख काढला, रुमाल काढला, मानेचं खोटं दुखणं काढलं. एकेक गोष्ट काढली की ती आणखी वाईट दिसत होती. लेख टाइप करताना बोटं कशी चालली तुमची, असंही विचारलं. आणि मग मला ती जानेवारीतली सकाळ आठवली, आणि माझा आवाज इतका चढला की आतून मुलगी बाहेर आली.

"माझे कान गेले होते, डोळे गेले नव्हते. डोळ्यांनी मी त्याला बरोबर ओळखलं होतं. तुम्ही माझ्या तोंडावर त्याचा चिफचाफ केलात. जे मला दिसलं तेही तुम्ही काढून घेतलंत."

ह्यांनी मला फसवलं ते दुष्टपणाने नाही, हे मला कळतं. दुष्टपणाने फसवलं असतं तर सोपं गेलं असतं. निदान भांडून मोकळी झाले असते. ह्यांनी माझ्यावर दया केली, आणि ती दया मला न विचारता केली. मी लहान मूल असल्यासारखी. ह्याच माणसाला मी एकेक आवाज शिकवला होता, आणि ते शिकलेले कान त्यांनी माझ्यावरच वापरले.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. बारीक, उंच आवाज गेलेत, बाकी ठीक आहे, वयाने होतं, असं म्हणाले. म्हणजे माणसं ऐकू येणार, कुकरची शिट्टी ऐकू येणार, वटवट्या नाही. मशिन बसवून दिलं. पहिले काही दिवस वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कानात पत्रा वाजायचा.

मशिनने घरातलं दुसरं काही नीट झालं नाही. हे म्हणाले "दूधवाला आला" की मी उठून दाराशी जाऊन बघायची. हे म्हणाले "भाजीत मीठ बरोबर आहे" की मी परत चाखायची. मुद्दाम करत नव्हते. एवढी वर्षं ह्यांच्या ज्या शब्दावर टेकून बसले होते तो शब्दच हाताखालून निघून गेला होता. ह्यांना ते दिसत होतं. आणि ते दिसतं हेही मला खपत नव्हतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी एकटी पार्कात गेले. ह्यांना येऊ नका म्हटलं. आता थोडेच दिवस, मग तो जाणार. शिसवीखाली उभी राहिले. विमान गेलं, दुसरं गेलं. मग मधल्या शांततेत, पत्र्यावर नखाने ओरखडल्यासारखं, पण तोच, शेवट वर उचललेला. चि-विट. मी बोट वर केलं नाही. नुसती ऐकत राहिले. परत बोलला. मी तिथे भर सकाळी, जॉगिंग करणाऱ्यांच्या वाटेत, रडत उभी राहिले, आणि एका माणसाने विचारलं, "आंटीजी, सब ठीक है?" मी म्हटलं, बिल्कुल.

घरी आले तर हे दारातच उभे. मी निघाल्यापासून तिथेच असावेत. "ऐकलास?" एवढंच विचारलं. चेहरा इतका आशेने भरलेला होता की मी क्षणभर सांगणार होते.

"नाही," मी म्हटलं.

किती सहज आला तो शब्द. ह्यांचा चेहरा पडला. "मशिनमध्येच काहीतरी असेल," हे म्हणाले, "आपण बदलून घेऊ," आणि चष्मा शोधून डॉक्टरांचा नंबर लावायला लागले. माझ्या कानात तो आवाज अजून होता. मी खुर्चीत बसले आणि त्यांना फोन करू दिला.