वहिनींचा वॉकर आणि यंदाची गौर

आमच्या शशिकला वहिनींबद्दल लिहायला बसलो आहे; कितपत जमेल, ठाऊक नाही. छत्रीबागेतल्या घरात त्या सून म्हणून आल्या तेव्हापासून दर भाद्रपदात गौरीचा मुखवटा दारातून आत त्यांनीच आणला. यंदा गुडघा बदलून महिनाही झाला नव्हता, आणि वॉकरला तर दोन्ही हात लागतात.

त्यांचा जीव एका जागी ठरेना. व्यायाम शिकवायला येणारा रघुवीर सांगायचा, "माताजी, पहले वॉकर, फिर नया घुटना, फिर दूसरा पाँव." त्याच्यासमोर त्या गुणी मुलीसारख्या चालत. तो फाटकाबाहेर पडला की बैठक ते देवघर नुसत्या येरझाऱ्या. पाय सुजला की बर्फ लावायचा, पुन्हा उठायचं. सूनबाई नीरजा म्हणाली, यंदा मी आणते. वहिनींनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

एका दुपारी नीरजा बाजारात गेली होती. वहिनींनी मला वॉकर कोपऱ्यात ठेवायला लावला, पितळी तांब्या मुखवट्यासारखा दोन्ही हातांत धरला आणि निघाल्या. मी म्हणालो, पडाल.

"भाऊजी, तुम्ही पडायच्या भीतीनं जन्मभर बसूनच राहिलात."

बोलता बोलताच त्यांचा तोल गेला. तांब्या खणखणत पलंगाखाली गेला. मी कसंबसं त्यांना सावरलं. बराच वेळ त्यांनी माझी बाही सोडली नाही.

"तांब्या होता म्हणून ठीक," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचा मातीचा मुखवटा असता तर?"

गौर यायच्या दिवशी अंगणापासून कुंकवाची पावलं काढली होती. वहिनींनी स्वतःहून मुखवटा नीरजाच्या हातात दिला आणि वॉकर घेऊन पुढे झाल्या. नीरजा सवयीनं भरभर निघाली.

"हळू गं. गौर माझ्या चालीनं येईल."

वॉकर, नवा गुडघा, दुसरा पाय. मागे नीरजा थांबत थांबत. उंबऱ्याशी रिवाजाप्रमाणे मी विचारलं, गौर कशाच्या पावलांनी आली? उत्तर आणणारीनं द्यायचं असतं. नीरजाला ते आठवेना; तिनं सासूकडे पाहिलं.

वहिनींनी उंबऱ्याच्या आत वॉकर टेकवला. त्याच्या चारही रबरांना कुंकू लागलं होतं.

"सोन्याच्या," त्या म्हणाल्या. "आणि भाऊजी, वाटेतून सरका. गौरीला अजून कोठीघर दाखवायचंय."