मोठी चाकं

तुषारचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात देवपुरात भाजी घेत होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो बोलला आणि त्याला हुंदका आला. मला मात्र आधी रडू आलं नाही, चीड आली. आठवड्यापूर्वीच जळगावच्या दवाखान्यात अक्काला भेटून आलो होतो. सलाईनचा हात तसाच ठेवून ती म्हणाली होती, "बरी झाले की गाडी काढून तुझ्याकडे येते. चार दिवस राहते." उशाशी बसलेल्या तुषारने तिचा हात थोपटला. "आई, आता तरी गाडीचं नाव काढू नकोस ना." ती तोंड भिंतीकडे फिरवून पडून राहिली... शेवटच्या भेटीतलं माझ्याजवळ उरलं आहे ते हेच, भिंतीकडे वळलेलं तिचं तोंड.

नलिनी अक्का माझी थोरली बहीण. जळगावच्या एका शाळेत तिने सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. भाऊजी गेले, ती निवृत्त झाली आणि मग एक दिवस गाडी शिकायला लागली. नातेवाईक हसले. तिने एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि दर शनिवारी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला माझ्याकडे येऊ लागली. मायसाठी. माय माझ्याजवळ असायची, अंथरुणाला खिळलेली. शनिवार उजाडला की तिचा धोशा सुरू व्हायचा, "आज शनवार शे ना? नली उनी नही का अजून?" अक्का यायची, पदर खोचायची, मायला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, नखं कापायची आणि तिला रागवत रागवत भरवायची. माझी बायको हे सगळं रोजच करायची, पण मायला ते शनिवारचंच लक्षात राहायचं.

तुषार अक्काचा एकुलता एक. जळगावातच एका पाइपच्या कारखान्यात अधिकारी आहे. पोरगा वाईट नाही, आईवर जीव होता त्याचा. तिच्या वाढदिवसाला त्याने गाडी परस्पर नेली आणि नवी चाकं घालून आणली. मोठी, चकचकीत अलॉय व्हील्स, त्यावर रुंद, पातळ काठाचे टायर. धाकट्याने थोरल्याचे बूट घालावेत तशी ती गाडी दिसत होती. मी अक्काला म्हटलं, "तुला हवी होती का ही?" तर म्हणाली, "पोराने हौसेने आणलीत रे, नको कसं म्हणू?" इथेच मला तिचा राग येतो, अजून येतो. आयुष्यभर वर्गात पोरांना 'का' विचारायला शिकवणारी बाई स्वतःच्या पोराला 'कशाला' म्हणू शकली नाही.

पुढच्याच शनिवारी ती आली ती मनगट चोळत. स्टिअरिंग जड झालं होतं. पूर्ण वळवलं की टायर वर पत्र्याला घासायचा. चढाला गाडी दम टाकायची, पेट्रोल जास्त प्यायची आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट कमरेत जायचा, कारण खड्डा सोसणारी टायरची जाड कड आता उरलीच नव्हती. एकदा तर तिने मला मीटर दाखवला. तेच जळगाव, तेच धुळे, पण मीटरवर अंतर पहिल्यापेक्षा कमी. "चाक मोठं म्हणजे एका फेऱ्यात जास्त रस्ता जातो. मीटरला ते कळत नाही," ती म्हणाली. "म्हणजे काटा दाखवतो त्याहून माझा वेग जास्त असतो. आणि चाक जड. डिकीत गोणी ठेवणं वेगळं आणि फिरत्या चाकात वजन घालणं वेगळं. फिरवायलाही जोर लागतो, थांबवायलाही."

हे सगळं तिने तुषारलाही सांगितलं. तो मोबाइल पुढे करायचा. "आई, हे बघ, रुंद टायरची पकड चांगली असते."

"असेल. पण त्याला ओढणारं इंजिन जुनंच आहे ना?"

"मीटर बिघडला असेल. दाखवून आणू."

तो हसत बोलायचा. प्रेमानेच. त्या प्रेमापुढे तिचं काही चालायचं नाही, आणि मी बोललो की, "मामा, तुम्ही तिला चढवू नका."

मग व्हायचं ते झालं. पारोळ्याच्या अलीकडे कापूस भरलेला एक ट्रॅक्टर जिनिंगच्या कारखान्याकडे वळला. अक्काने ब्रेक दाबला. पूर्वी जिथे थांबली असती तिथे गाडी थांबली नाही आणि ट्रॉलीच्या मागे जाऊन टेकली. दिवा फुटला, बंपर चेपला, अक्काला साधं खरचटलंही नाही. पण घरी बैठक बसली. नातेवाईक जमले, चहा झाला आणि निकाल लागला, अक्काचं वय झालं. मीही होतो तिथे. म्हटलं, आधी चाकं बदला, मग तिच्या वयाकडे बघू. माझं कोणी मनावर घेतलं नाही. अक्का एरवी कधी अहिराणी बोलायची नाही, शाळेने तिची ती सवय मोडली होती. पण त्या दिवशी ती उभी राहिली आणि कडाडली, "गाडीनं वजन वाढनं शे, मनं वय नही!"

वजन गाडीचं वाढलंय, माझं वय नाही, असं ती सांगत होती. सगळे हसले. म्हातारी गमतीचं बोलली म्हणून हसले. तुषारने चावी आपल्या ऑफिसच्या बॅगेत टाकली.

त्यानंतर ती दोनदा एसटीने आली. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढणं तिला झेपेना, बसायला जागा मिळेना. "रविवारी मी नेतो," तुषार म्हणायचा, आणि रविवारी त्याला कारखान्यातून बोलावणं यायचं. खोटं नाही, खरंच यायचं. इकडे मायचं विचारणं सुरूच. मी सांगायचो, उद्या येईल. मग तिला वार कळेनासे झाले आणि ती रोजच विचारू लागली, "शनवार शे ना आज?"

थंडीत माय गेली. अक्का आली ती तुषारच्या शेजारी बसून, त्याच मोठ्या चाकांवरून. बाहेर अंगणात तिरडी बांधणं सुरू होतं. अक्का मायजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि बघतच राहिली. मायची नखं वाढली होती. आजारपणाच्या धावपळीत आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. अक्काने नेलकटर मागितलं. एक काकू म्हणाल्या, "नली, आता असं करत नसतात." अक्काने वर पाहिलंसुद्धा नाही. एकेक बोट धरून सावकाश तिने दोन्ही हातांची नखं कापली... कुणाला तिला थांबवता आलं नाही.

मायचे दिवस झाल्यावर जळगावला जाऊन अक्काने तुषारपुढे हात केला. "चावी." त्याने मुकाट्याने दिली. ती एकटी टायरवाल्याकडे गेली. दाराच्या चौकटीवर कंपनीने टायरचं माप चिकटवलेलं असतं, ते त्याला दाखवलं आणि म्हणाली, हेच बसवा. तो म्हणाला, "मॅडम, गाडीचा लूक जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती धुळ्यात माझ्या दारात हजर. "बघ, पहिल्यासारखी पळते," आत येत म्हणाली. तेवढ्यात तिची नजर मायच्या रिकाम्या खाटेकडे गेली. ती तिथेच काठावर बसली. "आता पळून करायची काय पण..." वर्ष उलटायच्या आत तिचं पोटाचं दुखणं निघालं.

अक्काचे दिवस झाल्यावर तुषार मला धुळ्याला सोडायला निघाला, तिचीच गाडी घेऊन. जुन्या मापाची चाकं बसवल्यापासून त्याने ती चालवलीच नव्हती. एरंडोल मागे पडलं आणि तो म्हणाला, "मामा, काय हलकी चालते हो ही! एका बोटाने वळते." तो पुढे बोलतच होता, "विकताना ती अलॉय परत चढवू. गिऱ्हाईक लगेच मिळेल."

"तुषार, गाडी बाजूला घे."

त्याने घेतली. मी म्हटलं, "तुझी आई हेच सांगत होती. अगदी हेच. वर्षभर."

त्याने इंजिन बंद केलं. मग हळूच म्हणाला, "मला वाटायचं, तिला भीती वाटायला लागलीये आणि ती चाकांना नावं ठेवतेय." त्याचे डोळे भरले होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता बहुतेक. माझा हात उचलला गेला नाही. एवढंच म्हणालो, "गाडी विकायची नाही. मला दे."

आता ती माझ्या दारात उभी असते. अक्का बुटकी होती. पुढचा रस्ता नीट दिसावा म्हणून तिने जुन्या लुगड्याची एक जाड उशी शिवून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली होती. तुषारने ती मागच्या सीटवर टाकली होती. मी परत पुढे आणून ठेवली आहे. मी उंच माणूस, तिच्यावर बसलो की डोकं छताला लागतं. बायको रोज म्हणते, "काढा हो ती, मान मोडेल." मी मान वाकवून गाडी चालवतो.