सूर धरणाऱ्याचं तोंड

बायनाबाई रोज सकाळी दोन पत्त्या धुवायची. पत्ती म्हणजे सनईच्या टोकाला बसवलेली ताडाच्या पानाची चपटी जीभ. वाजवणारा तीच ओठांत धरून फुंकतो. एक पत्ती थोरल्या दिराची, रामहरी गुरवाची. दुसरी नवऱ्याची, शहादेवाची. या घरात येऊन वीस वर्षं झाली होती, आणि डोळे मिटून नुसत्या वासावरून ती सांगू शकायची की कुठली कुणाची. रामहरीच्या पत्तीला कात आणि जर्द्याचा आंबूस वास. पाण्यात बुडवली की तांबडा तवंग यायचा आणि बायनाबाईला उमासा यायचा. शहादेवाच्या पत्तीला वासच नसे. त्या साली मार्गशीर्षात मात्र तिला रक्ताचा वास यायला लागला.

गाव चकलांब्याच्या पलीकडं, निजामाच्या राज्यातलं. गुरवांचं एकच घर. महादेवाची पूजा आणि पूजेपुढची सनई दोन्ही त्यांच्याकडं. पूजा रामहरीच्या मुलानं करायची, सनई वाजवायची रामहरीनं. शहादेवानं फक्त सूर धरायचा. म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच एक सूर, पूजा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, मधे न तोडता. गाल भरून घ्यायचे, नाकानं श्वास ओढायचा, आणि तोवर गालातली हवा सनईत ढकलत राहायची.

रामहरीला मात्र विसावा असायचा. चार ताना झाल्या की तो सनई मांडीवर ठेवायचा, डबा उघडून पान लावायचा. कुणी पागोटेवाला दिसला की रामराम घालायचा, तालुक्याहून कुणी अंमलदार आला तर उठून सलाम करायचा. लोक म्हणायचे, उस्ताद दम घेतोय. तेवढा वेळ शहादेव फुगलेले गाल घेऊन तसाच बसलेला, डोळ्यांतून पाणी. त्याच्याकडं कोण बघतंय. एकदा तर पान थुंकायला जाताना रामहरीनं आपली ओली सनई त्याच्याच मांडीवर ठेवली होती. बायनाबाई खांबाआडून हे सगळं बघायची आणि देवासमोर असले विचार येतात म्हणून स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची.

बाजाराच्या दिवशी तिनं नवऱ्याला गेवराईला नेलं. हबीब हकीमानं चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला करून आत पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“गुरवा, ये मुँह है के जखम का घर? एक महिना बाजे को हात नको लगाव. नहीं तो गाल को छेद पडेंगा.”

“महिनाभरात बरं व्हईल न्हवं हकीमसाब?” बायनाबाईनं विचारलं.

“होयेंगा. लेकिन बीच में एक दिन भी फुंका, तो मेरे पास नको आव.”

वाटेत शहादेव म्हणाला, “दादा काय म्हणंल?”

“गाल तुमचा हाय का दादाचा?” ती म्हणाली.

दादा म्हणायचं तेच म्हणाला. सभामंडपात पान लावत बसला होता. “सूर इसावा घेतो व्हय रे? मी थांबलो तर गाव म्हणतं उस्ताद दमला. सूर थांबला तर म्हणंल देऊळ मेलं. आन तुला वाजवायचं तरी काय असतंय, एकच तर सूर.”

शेजारी आप्पाराव पाटील बसले होते. भावाभावात कशाला तंटा म्हणून ते म्हणाले, “देवालाच इचारा की. कौल लावा.”

कौल लावायचा म्हणजे पिंडीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या कण्हेरीची एकेक कळी ओल्या बोटानं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. बायनाबाईला हायसं वाटलं. वीस वर्षं तिनं हा गाभारा सारवला होता; देवाला सगळं ठाऊक होतं.

रामहरीनं कळ्या लावल्या. “महिनाभर सूर बंद ठिवावा का, महादेवा?” सगळे हात जोडून बसले. थोड्या वेळानं डावी कळी घसरली. उजवी जागची हलली नाही. शहादेवानं साष्टांग नमस्कार घातला आणि संध्याकाळी सूर धरला. तांदळाची पेज गिळतानाही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी बायनाबाई निर्माल्य काढायला गाभाऱ्यात गेली. उजवी कळी अजून पिंडीला चिकटलेलीच होती. नखानं ओढली तेव्हा सुटली, आणि तिच्या पाठीला तांबडं लागलेलं दिसलं. कुंकू असेल म्हणून तिनं कळी नाकाशी नेली. कात, जर्दा. तोच आंबूस वास.

तिनं कळी खाली टाकली आणि बाहेर येऊन पायरीशी ओकली. माणूस भावाला छळतो, तेही तिनं गिळलं असतं. पण महादेवाच्या अंगाला पानाची थुंकी? घागरभर पाणी आणून तिनं पिंडी धुतली, परत धुतली, चिंच लावून धुतली. हाताचा वास काही जाईना.

पूजेला गाव जमलं. पाटील आले. रामहरीनं सनई उचलली आणि भावाकडं बघून मान हलवली. तेवढ्यात बायनाबाई खांबाआडून पुढं आली. थोरल्या दिरासमोर ती वीस वर्षांत तोंड उघडून बोलली नव्हती. आताही पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला होता. तिनं शहादेवाच्या हातातली सनई काढून घेतली आणि रामहरीपुढं धरली.

“देवानं सूर बंद ठिवायला न्हाई म्हणलं. धरायचा कुणी, ते काय सांगितलं न्हाई. आज तुमी धरा.”

“बाईमाणसानं—” रामहरीनं सुरुवात केली.

“बोलती ते बराबर हाय,” पाटील म्हणाले. “एकच तर सूर, तूच म्हणलास काल. धर की.”

लोक हसले. रामहरीनं सनई घेतली. पत्तीवर भावाचं वाळलेलं रक्त होतं. त्या दिवशी तिनं ती मुद्दाम धुतली नव्हती. त्यानं तोंड वाकडं केलं. धोतराच्या सोग्यानं पुसली, परत पुसली, तिसऱ्यांदा पुसली. त्या तोंडाकडं बघून बायनाबाईला इतकी किळस आली की पायाचा अंगठा तिनं फरशीवर दाबून धरला. सख्ख्या भावाच्या रक्ताची घाण वाटते, आणि देवाला थुंकी लावायची वाटत नाही.

सूर लागला. एक श्वास, दोन, तीन. गाल थरथरले, कपाळावर शिरा आल्या. पूजेतलं पहिलं बेलाचं पान पिंडीवर पडायच्या आत सूर कापला आणि तुटला. रामहरी वाकून खांबाशी थुंकला.

देवळात एवढी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती. बाहेर आडावरच्या रहाटाची करकर ऐकू येत होती.

आणि तेवढ्यात शहादेव उठला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघितलंही नव्हतं त्याच्याकडं. सुजलेला गाल घेऊन तो पुढं आला आणि सनईसाठी हात पसरला. वीस वर्षांची खोड.

बायनाबाईला त्या क्षणी नवऱ्याचीही शिसारी आली. तिनं सनई ओढून घेतली. सनईला बांधलेल्या दोऱ्यात सुराच्या जास्तीच्या पत्त्या लोंबत होत्या. त्या सगळ्या, आणि सनईच्या टोकाला बसवलेली, उपसून तिनं धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर टाकल्या. फुर्र करून पेटल्या.

“आता सूर मी मोडला,” ती म्हणाली. “पाप माझ्या पदरात.”

सुराच्या सनईला दुसरी पत्ती चालत नसे, आणि नव्या पत्त्या पैठणहून यायला दीड महिना लागला. तेवढ्यात शहादेवाचा गाल भरून आला. रामहरी एकटाच वाजवायचा. खाली सूर नसल्यानं त्याची चूक उघडी पडायची. पुढं शहादेव परत सूर धरू लागला, पण रामहरीनं पानाचा डबा उघडला की तोही पत्ती तोंडातून काढायचा. बायकोनं त्याला तशी देवाची शपथच घातली होती. थोरल्या दिराची पत्ती मात्र तिनं पुन्हा कधी धुतली नाही.

थुंकीची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. देवाची बेअब्रू होईल म्हणून. पण कुणी कौल लावायला आलं की ती गाभाऱ्याजवळून उठून जायची. “कशापायी उठून जातीस?” म्हणून विचारलं, तर नाकाला पदर लावून एवढंच सांगायची, “वास येतोय.”