विरजण न लागणारी माती

दोन हजार सालच्या सुमारास मी जव्हारच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. शाळेतल्या मावशी मोखाड्याकडच्या. एकदा त्यांनी शेतातली माती आणली. शेजारच्या पोल्ट्रीवाल्याने कोंबड्यांच्या जुन्या औषधांच्या बाटल्या त्यांच्या बांधालगत ओतल्या होत्या, आणि तिथे शेणखत कुजतच नव्हतं. त्या मातीचं पाणी दुधात घालून विरजण लावलं, तर दही लागेना. दह्याचे जंतू मरत होते, म्हणजे औषध मातीतले जंतूही मारत होतं.

काही जंतू असं औषधच खातात, हे मी वाचलं होतं. म्हणून त्या मातीत तगलेले जंतू मडक्यांत वाढवायला घेतले. तिसऱ्या महिन्यात एका मडक्यातल्या मातीचं पाणी घातलेल्या दुधाचं दही लागलं; तिथलं औषध जंतूंनी संपवलं होतं.

त्याच आठवड्यात शाळेची तपासणी आली. मी रजेवर होतो. परतलो, तर मडकी फिनेलने धुऊन उपडी घातलेली.

"किती घाण साठवली होती तुम्ही," मुख्याध्यापक म्हणाले.



"सर, परत कराल ना?" मावशींनी विचारलं.

केलं. दोनदा केलं. पण ते जंतू काही पुन्हा सापडले नाहीत. पुढे माझी बदली झाली. मावशींनी बांधालगतचा तो तुकडा पडीकच ठेवला.