देवीशी दोन वर्षांचा अबोला

दोन वर्षं मी महालक्ष्मीशी एक शब्द बोलले नव्हते. देवावर असं रागावू नये, हे मला शेजारपाजारच्या बायकांनी पुष्कळदा सांगून झालं होतं, आणि प्रत्येक वेळी माझा राग थोडा वाढतच होता. आमचे हे डहाणू रोड स्टेशनवरच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि चार महिन्यांत अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मी ऐकलं नाही. आमच्या मसोलीहून बस पकडून विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळात गेले, देवीची ओटी भरली, वरच्या गडाच्या पायऱ्या भर उन्हात अनवाणी चढले. पायांना फोड आले ते हे गेल्यानंतरही बरे व्हायचे होते. त्यांचे दिवस झाले आणि मी देवीशी अबोला धरला. फोटो भिंतीवरून काढला नाही, संध्याकाळचा दिवाही चुकवला नाही, कारण घरात दिवा लावायचाच असतो. पण काडी ओढायची, वात पेटवायची आणि पाठ फिरवायची. हात जोडायचे नाहीत.

माझी मुलगी मीनल मुंबईला नोकरी करते. तिने हे दोन वर्षं पाहिलं आणि एके दिवशी मला सरळच म्हणाली, "आई, तू घरात बसून बसून कडू होत चालली आहेस." मला ते फार लागलं. त्याच रागात मी तिच्याबरोबर थायलंडला जायला हो म्हटलं. लोक देशाबाहेर हौसेने जातात, मी रुसून गेले. आमच्या घरात परदेश पाहिलेलं त्याआधी कुणीच नव्हतं, आणि ज्यांना सर्वांत जास्त आनंद झाला असता ते बरोबर नव्हते, हेही मी विमानात देवीच्याच नावावर टाकलं.

मी मूळची वरोरची, कोळ्याची लेक. आमच्याकडे मुलींना होडीत घेत नसत. बायकांनी मासळी निवडायची, वाळवायची, टोपली घेऊन बाजाराला जायचं. बाबांनीही मला होडीत कधी बसवलं नाही, पण किनाऱ्यावर शेजारी बसवून समुद्राचं गणित शिकवलं. जी तिथी असेल तिची पाऊणकी करायची, म्हणजे तिथीला पाऊणाने गुणायचं, की भरती पूर्ण होण्याची वेळ कळते. अष्टमी असेल तर सहा वाजता, चतुर्थी असेल तर तीन वाजता. पुढे मी तलासरीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पण माझं पहिलं गणित हेच. वर्गात मुलांना पाऊणकीचा पाढा म्हणायला लावताना मला नेहमी खारा वास यायचा.

बाबा आणखी दोन गोष्टी करत. पाऊणकीने वेळ काढली तरी निघण्याआधी पाण्याच्या काठाशी ओल्या वाळूत एक काटकी रोवत, बिडी पेटवत आणि पाणी काटकीच्या अलीकडे येतं की पलीकडे जातं ते बघत बसत. आणि पाय पाण्यात घालण्याआधी ओंजळीतलं थोडं पाणी कपाळाला लावत. आईच्या अंगावर पाय ठेवतोय तर आधी माफी मागावी, असं त्यांचं म्हणणं. या दोन गोष्टी मला कधी महत्त्वाच्या वाटल्या नाहीत. हिशेब बरोबर असेल तर काटकी कशाला लागते, असं मी त्यांना एकदा विचारलंसुद्धा होतं. ते हसले आणि पुन्हा काटकीकडे बघू लागले.

तर आम्ही ज्या बेटावर उतरलो होतो तिथे किनाऱ्यावर कयाक भाड्याने मिळत. कयाक म्हणजे प्लास्टिकची लांबट होडी, दोघांनी पुढे-मागे बसून वल्हवायची. मीनलला ती करायचीच होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. साठीला आलेल्या कोळ्याच्या लेकीने आयुष्यात एकदा तरी स्वतः होडी वल्हवावी, यात कुणाचं काय जातं? मी पर्समधलं छोटं पंचांग काढलं. देवीशी अबोला असला तरी तिथी बघायची सवय सुटली नव्हती. पंचमी होती. पाचाची पाऊणकी पावणेचार. घड्याळात अडीच वाजले होते. म्हणजे सव्वा तास पाणी आत येणार, आम्हाला किनाऱ्याकडेच ढकलणार. मी मीनलला छाती पुढे काढून हे सगळं समजावलं. ती खूश झाली.

पण कयाकवाल्याने द्यायला नकार दिला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. मोडक्या इंग्रजीत म्हणाला की आता नको, पाणी बाहेर चाललंय, उद्या सकाळी या. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सावलीतल्या खुर्चीकडे हात केला, तुम्ही इथे बसा म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी समुद्रावर जन्मले, आणि हा मला पाणी कुठे चाललंय ते सांगणार? वर मला म्हातारी ठरवून खुर्चीत बसवणार? तो शेजारच्या खडकाकडे बोट दाखवत काहीतरी सांगत होता. खडकावर पाणी उतरल्याची ओली रेघ होती. ती मी पाहिली. आज लिहिताना मला स्वतःचीच चीड येते, कारण ती रेघ म्हणजे बाबांची काटकीच होती, आणि ती वाचायला मला पंचांग लागलं नसतं. पण तेव्हा मला फक्त तो नाही म्हणतोय एवढंच ऐकू येत होतं. मी मीनलचा हात धरला आणि पुढच्या माणसाकडे गेले. तो मोबाईलमध्ये मान घालून बसला होता. त्याने काही न विचारता दोन जाकिटं आणि दोन वल्ही हातात दिली. त्याचाही मला आता राग येतो, पण तो नंतरचा.

पाण्यात पाय घालताना मी कपाळाला पाणी लावलं नाही. विसरले नव्हते. मुद्दाम लावलं नाही. कुणाकडूनही परवानगी मागायची नाही, असं मी त्या दोन वर्षांत ठरवून टाकलं होतं.

पहिली दहा मिनिटं इतकी सुखाची गेली की मला वाटलं, बाबांनी उगाच मला किनाऱ्यावर ठेवलं. होडी आपल्या आपण पुढे सरकत होती. मी मीनलला म्हटलं, बघ, माझ्या रक्तातच आहे ते. मग आम्ही परत वळलो आणि होडी वळली, पण पुढे जाईना. आम्ही जीव खाऊन वल्हवत होतो आणि डाव्या हाताला पाण्यातून वर आलेला खडकाचा सुळका मागे पडण्याऐवजी मागून पुढे येत होता. मीनल म्हणाली, "आई, आपण मागे जातोय." मी म्हटलं, शक्यच नाही, पावणेचारपर्यंत भरती आहे. त्या क्षणीसुद्धा मी पाऊणकीच म्हणत होते. समुद्र डोळ्यांसमोर वेगळं सांगत होता आणि मी त्यालाच चूक ठरवत होते.

सुळक्याच्या पलीकडे मोकळा समुद्र होता आणि तिथल्या लाटा निराळ्या होत्या. एक आडवी आली आणि मीनल पाण्यात गेली. जाकीट होतं, तिने कयाकची दोरी धरली, पण तिला वर ओढायची ताकद माझ्या दंडांत नव्हती. मी तिचं मनगट धरून ठेवलं, एवढंच मला करता येत होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. किनाऱ्यावरची माणसं दिसेनाशी झाली होती. दर लाटेला तिची बोटं माझ्या हातातून थोडी थोडी निसटत होती, आणि मला स्वच्छ कळलं की हिला इथे मी आणलं आहे. मी, माझ्या गणिताने, माझ्या तोऱ्याने.

तेव्हा माझा अबोला सुटला. एरवी अशा अनुभवांत माणसं देवाचा धावा करतात असं मी वाचलं आहे. माझ्या तोंडून धावा निघाला नाही. मी भर समुद्रात महालक्ष्मीवर ओरडले, "नवरा नेलास, मी गप्प बसले. आता हिला हात लावलास तर याद राख." दोन वर्षांनी देवीशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे असं होतं. आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर पडलं. अनवाणी चढलेल्या पायऱ्या, पायांचे फोड, डॉक्टरांची हललेली मान, घरातली यांची रिकामी खुर्ची. मी भांडत होते आणि मनगट सोडत नव्हते. शेवटी आवाज बसला. मग मी हळूच म्हटलं की माझं चुकलं, माझा हिशेब चुकला, आता तू बघ. हे वाक्यही रागानेच म्हटलं. पण म्हटलं.

सुळक्यामागून इंजिनाचा आवाज आला. एक लांबट लाकडी होडी आमच्याकडे येत होती आणि तिच्या पुढच्या टोकाला लाल कापड गुंडाळून झेंडूची माळ बांधलेली होती. तिकडच्या सगळ्याच होड्यांना तशी कापडं आणि माळा बांधतात, हे मला नंतर कळलं. होडीत देवता असते म्हणे त्यांच्या. पण मला त्या वेळी ते माहीत नव्हतं. मला आमच्या देवीच्या अंगावरचं लाल वस्त्र दिसलं.

होडी चालवणारी बाई माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल. काटकुळी, डोक्याला फडकं बांधलेली, पायांशी खेकड्यांचे पिंजरे. तिने वाकून मीनलच्या जाकिटाची मान धरली आणि जाळं ओढावं तसं एका दमात तिला वर घेतलं. मग मला घेतलं, मग कयाक मागे बांधली. आणि हे सगळं उरकल्यावर तिने मला झापायला सुरुवात केली. तिची भाषा मला एक अक्षर येत नाही, आणि मला शब्द न् शब्द समजत होता. ही तुझी पोर ना? तुला डोळे आहेत ना? पाणी कुठे चाललंय दिसत नाही? एवढं वय झालं ते कशासाठी? ती एका हाताने इंजिन सांभाळत होती आणि दुसरा हात माझ्यापुढे नाचवत होती. आयुष्यात मला इतकं कुणी बोललं नाही. दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मी ऐकूनही घेतलं नसतं. मी खाली मान घालून ऐकत होते आणि मला रडू येत होतं, कारण मला वाटत होतं की दोन वर्षांनी समोरूनही कुणीतरी बोलतंय.

पाणी उथळ झालं तसं तिने इंजिन बंद केलं. तिचा रागही थांबला. तिने माझा उजवा हात धरला, होडीच्या कडेवरून पाण्यात बुडवला आणि माझाच ओला हात माझ्या कपाळाला लावला. मीनलला ती काय करते आहे ते कळलं नाही. मला कळलं. मी तिच्या पायांना हात लावायला वाकले तर ती पुन्हा चिडली.

किनाऱ्यावर तो पहिला कयाकवाला गुडघाभर पाण्यात उभा होता. आम्ही दुसऱ्याकडून होडी घेऊन निघालेलो त्याने पाहिलं होतं आणि खेकडे धरायला गेलेल्या आपल्या आईला फोन लावला होता. ती बाई त्याची आई. म्हणजे ज्याने मला नाही म्हटलं, ज्याच्या तोंडावर मी फणकाऱ्याने पाठ फिरवली, त्यानेच आम्हाला वाचवलं. त्याने मला हाताला धरून त्याच खुर्चीत बसवलं. मी बसले. समोरच्या खडकावरची ओली रेघ आता आणखी वर राहिली होती. तिथली भरती आम्ही येण्याआधीच वळली होती, प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी असते, हे त्याने वाळूत बोटाने रेघा काढून मला समजावलं. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईने ते शहाण्या विद्यार्थिनीसारखं ऐकलं.

मीनल म्हणते, फोन केला म्हणून होडी आली. मी म्हणते, हो, फोन केला म्हणूनच आली. यावर मला वाद घालायचा नाही. आमच्याकडे सांगतात की गड चढताना एका गरोदर बाईला झेपेना, तेव्हा देवी तिच्यासाठी स्वतः खाली उतरली. मी तर दोन वर्षं चढायचंच सोडलं होतं. एवढंच माझ्या मनात येतं, आणि मग मी पुढचा विचार करत नाही.

परत आल्यावर पहिल्या मंगळवारी विवळवेढ्याला गेले. यांना का नेलंस, ते मी देवीला पुन्हा विचारलं. उत्तर मिळालं नाही. बहुतेक मिळणारही नाही. पण ज्याने मला नाही म्हटलं तो माझा वैरीच असतो, ही माझी समजूत मी त्या परक्या किनाऱ्यावर पाण्यात सोडून आले आहे. सगळी पाऊणकी मला ठाऊक आहे असं आता मला वाटत नाही, आणि त्याने जीव हलका झाला आहे. आता संध्याकाळी दिवा लावला की मी पाठ फिरवत नाही. यांच्यावरून देवीशी माझं अजून भांडण होतं, कधी कधी मोठ्या आवाजात. फक्त आता आधी हात जोडते आणि मग भांडते.